उंबरमाळाचा पंच

रावजीमामा कुठल्याही दगडावर बसण्याआधी त्याला बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकून बघत. पायरी असो, विहिरीचा कठडा असो की देवळाचा ओटा. आधी टकटक, मग कान तिरका, मग बैठक. दगड खणखणीत बोलला तर "बरो आसा" म्हणून मांडी ठोकून बसत, बद्द बोलला तर सरळ उठून दुसरीकडे जात. ही सवय दगडापुरती राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण मामा भोपळे ठोकत, मडकी ठोकत, लोकांच्या घरच्या भिंती ठोकत, आणि मी लालबागेत राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पत्र्याची पेटी ठोकली.

"मास्तरानू, पेटी अर्धी रिकामी आसा," कान तिरका करून ते म्हणाले. "शिकलेल्या माणसाची पेटी इतकी रिकामी बरी न्हय."

पेटी खरोखरच अर्धी रिकामी होती. मी मूळचा गिरगावचा. लालबागेतल्या शाळेत मास्तरकी मिळाली तेव्हा पहिले काही महिने मी घोड्यांच्या ट्रामने जा-ये केली. घोडे दमत, मी दमे, आणि वर्गातली पोरं तेवढी ताजीतवानी असत. शेवटी कंटाळून गिरणीवाल्यांच्या एका चाळीत खोली घेतली. गिरगावातल्या माझ्या मावशीने ही बातमी ऐकून कपाळाला हात लावला आणि "तिथे लोक कसे असतात कोण जाणे" म्हणाली. कसे असतात ते मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण शेजारची खोली रावजीमामांची होती आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे रखमामामीने, माझी चूल पेटायच्या आत पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी पाठवून दिली होती.

मामा जातिवंत पाथरवट. मालवणाकडून छिन्नी-हातोडी घेऊन तरुणपणीच मुंबईत आले आणि परळच्या बाजूला एका कंत्राटदाराच्या दगडखाणीवर चढत चढत मुकादम झाले. ठेंगणी मूर्ती, रुंद खांदे, उजव्या डोळ्याखाली दगडाची चीप उडून बसलेली खूण, आणि आवाज असा की खाणीच्या तळातून काठावरच्या माणसाला हाक जावी. सुरुंगाला बत्ती देण्याआधी "हटा रे!" म्हणून ओरडायचं काम त्यांचं होतं. अडचण एवढीच की घरी मीठ मागतानाही ते तोच आवाज लावत. मामी शांतपणे म्हणे, "मी हयसरच आसंय. डोंगरार न्हय."

आमच्या चाळीमागे एक टेकडी होती आणि टेकडीच्या पायथ्याशी उंबरमाळ. एका कोपऱ्यात उंबराचं जुनं झाड आणि पुढे मोकळी, सपाट जमीन, बस्स, एवढंच. पण एकेका खोलीत सात-सात माणसं राहणाऱ्यांना त्या मोकळ्या जमिनीचं काय मोल होतं ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. गिरण्यांना आठवड्यातून ती एकच सुट्टी असे. सहा दिवस साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात उभी राहिलेली माणसं रविवारी दुपारी उंबरमाळावर आली की लहान पोरांसारखी धावत सुटत. विटीदांडू चाले, हुतूतू चाले, कडेला म्हाताऱ्यांच्या गप्पा चालत. पण खरा खेळ आट्यापाट्यांचा, आणि त्याचे पंच रावजीमामा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या आणि त्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी. एका बाजूचे गडी पाट्यांवर पहारा देणार, दुसऱ्या बाजूच्यांनी त्यांना हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे जायचं आणि तसंच परत यायचं. पहारेकऱ्याने पाटी सोडायची नाही. जे काय धावायचं ते तिच्यावरूनच. म्हणजे सगळा खेळ रेघेवर उभा. आणि रेघ म्हटली की मामांच्या अंगात संचार व्हायचा.

दुसरे लोक काठीने फराटे ओढतात. मामा रविवारी खाणीवरून दुपारपुरती सुटका करून घेऊन येत ते सुतळी, गेरू आणि काटकोन बघायचा गुण्या घेऊन. उंबराजवळ त्यांनी एक खुंटा जमिनीत असा ठोकून ठेवला होता की तो हत्तीलाही उपटता आला नसता. त्या खुंट्यापासून मापं धरायची, गेरूत बुडवलेली सुतळी ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची, की जमिनीवर लाल रेघ उमटे. पुढच्या रविवारी पुन्हा तोच खुंटा, तीच मापं, तीच रेघ, वर्षानुवर्षं. खेळायला टपलेले गडी ताटकळून जात. एकदा एका तरुण साचेवाल्याने विचारलं, "मामा, एक बोट इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं?"

"एक बोट?" मामा खाणीतल्या आवाजात गरजले. "मेल्या, देवळाचो खांब एक बोट सरलो तर देव तुझ्या डोक्यार येतलो! गप उभो ऱ्हव."

पंच म्हणून त्यांचा न्याय झटपट असे. एका गिरणीतला जॉबर, अंगाने आडदांड आणि हाताखाली शंभर माणसं असलेला, एकदा पाटीवर बाद झाला आणि हटेना. "मला हात लागलाच नाही," असं तो छातीवर हात ठेवून सांगू लागला. मामा त्याच्याजवळ गेले, त्याच्या पाठीवर दोनदा ठोकून कान तिरका केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बद्द वाजता. खोटा बोलतस तू." माळावर असा हशा पिकला की जॉबर स्वतःही हसत बाहेर गेला. जाताना मामांनी त्याला वर उपदेशही केला, "हरलास तर हरलंय म्हण रे. पायाक माती लागतली ती लागतली, नाकाक कित्या लावतस?"

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका संध्याकाळी मामा खाणीवरून आले आणि पायरीला न ठोकताच तिच्यावर बसले. मामी घाबरून बाहेर आली. मीही आलो.

"शेटान अर्ज केलो," मामा म्हणाले. मामांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

शेट म्हणजे त्यांचा कंत्राटदार. मुंबईत तेव्हा समुद्र बुजवून जमीन करायचं वेड लागलं होतं. भरावाला मुरूम पाहिजे, रस्त्यांना खडी पाहिजे, इमारतींना काळा दगड पाहिजे. एकेक टेकडी वाटाण्यासारखी फस्त होत होती. शेटने सरकारकडे मागणी केली होती की टेकडीच्या पायथ्याची जमीन पडीक आहे, तिथे कुणाचाच काही वापर नाही, खाली दगड उत्तम आहे, तर ती खाणीसाठी आपल्याला द्यावी. ही पडीक जमीन म्हणजे आमचा उंबरमाळ. आणि नव्या खाणीची मुकादमकी, शिवाय तिथेच कौलारू घर, शेटने मामांना कबूल केलं होतं. दहा बाय दहाच्या खोलीत जन्म काढलेल्या मामीला ओसरीचं घर हवं होतं हे अख्ख्या चाळीला माहीत होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणतलंय? मास्तरानू, मी जल्मात तीन डोंगर फोडलंय. तीन! लहान होते, पण डोंगरच ते. आज थयसर जावन बघा, खड्डे आसत, पाणी साचला आसा, म्हशी बसतत. चौथो माझ्या हातान जावचो नाय." मग मामीकडे बघून जरा चाचरत म्हणाले, "घर मात्र जातला गो."

मामी पदराला हात पुसत म्हणाली, "जावंदे. ओसरीर बसान मी काय बघूचा? खड्डो?" आणि ती आत निघून गेली. मला त्या क्षणी त्या दोघांबद्दल काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. एवढंच, की गिरगावात इतकी वर्षं राहून मी अशी माणसं पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चाळीची बैठक बसली आणि उलट अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तीन दिवस खपून अर्ज लिहिला. त्यात "वायुसेवन" होतं, "शरीरसंपदा" होती, "दयाघन सरकारच्या चरणी" तर दोनदा होतं. मामांनी तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

"सगळा बरा आसा," ते म्हणाले. "पण ह्येच्यात माळ खय आसा?"

मला राग आला. पण पुन्हा वाचून बघितलं तर माळ खरोखरच कुठे नव्हता. मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: आम्ही दर रविवारी इथे खेळतो, आमचे बाप इथे खेळले, ही आमची वहिवाट आहे, ती मोडू नये. चार ओळी. मामांचं म्हणणं, "सायबाक वेळ नसता. तेका दगड कसो आसा ता सांगूचा, डोंगराची कथा सांगूची नाय."

चार ओळींचा अर्ज कामाला आला. सोमवारी सकाळी एक इंग्रज साहेब स्वतः जागा पाहायला येणार असल्याचा निरोप आला. आणि इथे मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा केला. तो मी लपवणार नाही.

आदल्या दिवशी रविवार होता. शेटने साहेबाला दाखवायचे नमुन्याचे दगड घडवण्यासाठी मामांना शनिवारपासून खाणीवरच ठेवून घेतलं होतं. मामा नाहीत, तेव्हा मास्तरला विचारा, असं झालं. मी म्हटलं, एवढा मोठा साहेब येणार, माळ कसा आरशासारखा दिसला पाहिजे. आज खेळ बंद. सगळे कामाला लागले. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की काय करतात ते सांगायला नको. पोरांनी विट्या आणि खापऱ्या वेचल्या. बाप्यांनी खराटे घेऊन एकूणएक पाऊल पुसून काढलं. खुंट्यावर कुणी पाय अडखळून पडू नये म्हणून त्याच्यावर कुंडी ठेवली. बायकांनी तबेल्यांतून शेण आणून पाट्यांचा सगळा चौक असा सारवला की त्यावर पंगत बसवावी. उंबराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मामीने दारात काढते तशी मोठी रांगोळी काढली. संध्याकाळी मी माळाच्या टोकाला उभा राहून ते सगळं पाहिलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

सोमवारी सकाळी साहेब घोड्यावरून आला. बरोबर शेट, आणि शेटच्या मागे नमुन्याचे दगड घेतलेले मामा. कारण मामांनी नवी मुकादमकी नाकारली असली तरी दगडाचा जाणकार म्हणून शेटने साक्षीला आणलं होतं ते मामांनाच. आमच्या बाजूने गिरणीत बदली देऊन आलेले वीसेक गडी धुतलेले कपडे आणि पागोटी घालून कडेला हात जोडून उभे होते. कुणी हालत नव्हतं, मुलांनाही दटावून गप्प बसवलं होतं. मामांनी सारवलेला चौक पाहिला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"मास्तरानू," ते माझ्याजवळून जाताना पुटपुटले, "ह्या काय केलास?"

मला तरीही कळलं नाही. साहेबाने विचारल्यावर कळलं. दुभाष्याचं काम माझ्याकडेच होतं. साहेबाने रांगोळी पाहिली, तोरण पाहिलं, टोपी किंचित उचलली आणि म्हणाला, "जागा फार स्वच्छ आहे. पण तुम्ही म्हणता दर आठवड्याला इथे शेकडो लोक खेळतात. मला तर इथे एक पाऊलही दिसत नाही."

शेट लगेच पुढे झाला. "हुजूर, तेच तर मी म्हणतो. पडीक जमीन. कोण येतंय इथे?"

आम्ही आमच्याच हाताने आमची वहिवाट खराट्याने झाडून, वर शेणाने सारवून टाकली होती. घामाने माझ्या कोटाची कॉलर ओली झाली. साहेब मामांकडे वळला आणि त्याने खालच्या दगडाबद्दल विचारलं. मला वाटलं, आता मामा दगडाला नावं ठेवतील आणि आपण सुटू. मी त्यांना डोळ्यांनी तसं खुणावलंसुद्धा.

मामांनी टेकडीच्या पायथ्याला उघड्या पडलेल्या कातळावर दोनदा ठोकलं. कान तिरका केला. "दगड पयल्या नंबराचो आसा," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "असो दगड मी दुसरो बघलंय नाय. खोटा कशाक सांगू?"

मी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. शेट हसला. आमच्या गड्यांपैकी कुणीतरी "मामा फिरला" असं हळूच म्हणालं, आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं.

पण मामा जागचे हलले नाहीत. "मास्तरानू, सायबाक विचारा, दगडाची परीक्षा झाली. आता मातयेची करू काय?"

साहेबाने मान डोलावली. मामांनी मामीला हाक मारली. खाणीतल्या आवाजात, इतक्या मोठ्याने की साहेबाचा घोडा बिथरला. "पाणी हाडा गो! जितक्या घागरी आसत तितक्यो!"

विहीर जवळच होती. बायका घागरी भरभरून आणू लागल्या. पाथरवट दगड विकत घेण्याआधी त्याच्यावर पाणी ओततो. कोरड्या दगडात न दिसणारी शीर ओल्यात दिसते. मामांनी तेच केलं. उंबराच्या बाजूने, जिथे जमीन किंचित वर होती, तिथून घागरीमागून घागर हलके हलके ओतायला लावली. सारवण विरघळलं, पाणी पसरलं, आणि थोड्या वेळाने इकडेतिकडे न जाता एका सरळ रेघेत थांबलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एकाच जागी वर्षानुवर्षं पाय पडून पडून जमीन पाट्यांवर झिजली होती. अर्ध्या बोटाएवढीच, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी. पण पाण्याला ती दिसली. बघता बघता आडव्या पाट्या आणि मधली उभी पाटी, सगळा पट चकचकीत पाण्याने आमच्यासमोर काढला गेला. गुण्या लावून बघावा इतका सरळ.

साहेब घोड्यावरून उतरला आणि हातातल्या काठीने एका पाटीच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेला. परत येऊन त्याने विचारलं, "हे असं व्हायला किती वर्षं लागतात?"

"बरोबर हिशोब माका सांगूक येवचो नाय," मामा म्हणाले. "पण देवळाची पायरी झिजाक एक पिढी लागता. आणि लोक देवळात चलत जातत. हयसर धावतत."

मी हे भाषांतर केलं तेव्हा साहेब पहिल्यांदा हसला. मग त्याने एका गड्याला खेळून दाखवायला सांगितलं, आणि धुतलेल्या कपड्यांतले वीसच्या वीस गडी पागोटी फेकून त्या चिखलात उतरले. शेटचा पांढरा शुभ्र अंगरखा कडेला उभ्याउभ्या शिंतोड्यांनी भरला. मला एवढा आनंद झाला होता की मी माझी ओली कॉलर काढून खिशात घातली आणि शाळेला त्या दिवशी उशिरा पोचलो.

महिनाभराने हुकूम आला. लोकांची वहिवाट दिसते, सबब जमीन खाणीला देऊ नये. मात्र शेवटी एक शेपूट होतं: तिथला खेळ बंद पडून जागा पडीक झाल्यास मागणीचा पुन्हा विचार होईल. शेटने मामांना त्याच आठवड्यात खाणीवरून काढून टाकलं. मी सांत्वनाला गेलो तर मामा दारात बसून एका बाईच्या जात्याला टाकी लावून ते पुन्हा खरबरीत करत होते. लालबागेत मसाले दळणाऱ्या बायका पुष्कळ, त्यामुळे जात्यांना आणि पाट्या-वरवंट्यांना तोटा नव्हता. "आदी डोंगर फोडी होतंय," ते म्हणाले, "आता मिरच्येची सेवा. नाकाक झोंबता, बाकी बरा आसा."

हुकमातल्या त्या शेपटाचा अर्थ मामांनी आपल्या परीने लावला आणि तो सगळ्यांना पाठ करायला लावला: एक आयतार चुकलो तर माळ गेलो. शेटनेही तोच अर्थ लावला असावा, कारण दर रविवारी त्याचा नारायण नावाचा कारकून छत्री आणि वही घेऊन उंबराखाली येऊन बसू लागला. खेळ झाला की नाही हे लिहून न्यायचं, एवढंच त्याचं काम. मामांनी त्याला पहिल्या दिवसापासून पाणी आणि गूळ द्यायला सुरुवात केली. पाच-सहा आठवड्यांनी एका बाजूला गडी कमी पडला. मामांनी चौफेर नजर फिरवली.

"नारायणानू, छत्री ठेवा नि तिसऱ्या पाटयेर उभे ऱ्हवा."

"अहो, मी शेटचा माणूस!"

"शेटाचे पाय तुमका लावले नाय मा? मगे चला."

नारायण धोतराचा काचा मारून उभा राहिला आणि पहिल्याच डावात त्याने दोघांना बाद केलं. त्यानंतर तो छत्री आणायचा, वही मात्र बऱ्याचदा विसरायचा. वहीत "खेळ झाला" असंच लिहायचं असे आणि ते खोटं नव्हतं, कारण तो स्वतःच खेळलेला असे.

पावसाळे गेले, चिखलात घसरत खेळलो. मग तापाच्या साथीचे दिवस आले. माणसं गाठोडी बांधून कोकणात पळाली, चाळी ओस पडल्या. एका रविवारी माळावर मामा, मामी, मी आणि नारायण, एवढे चौघेच उरलो. मामा नेहमीसारखी सुतळी ताणत होते. मी म्हटलं, "मामा, चौघांत कसला खेळ? आणि तुम्ही तर पंच."

मामा काही बोलायच्या आत मामीने लुगड्याचा पदर कमरेला खोचला, कासोटा आवळला आणि मधल्या पाटीवर जाऊन उभी राहिली. "येवा मास्तर," ती म्हणाली. "माझ्यासून पलीकडे जावन दाखवा." पन्नाशीच्या त्या बाईने मला त्या दुपारी सात वेळा बाद केलं. आजूबाजूला सगळं भीतीने गप्प झालेलं, आणि आम्ही चौघे हसून हसून बेजार. मामा तर पंचपण विसरून टाळ्या पिटत होते.

साथ ओसरली, माणसं परत आली. मामांचा मात्र दम उणावत गेला. जन्मभर पोटात गेलेली दगडाची धूळ असणार ती. खोकला वाढला, खाणीतला आवाज राहिला नाही. तरी रविवारी ते माळावर येत, सुतळीचं एक टोक मी धरी, दुसरं ते.

एका रविवारी पहाटे मामीने माझं दार वाजवलं. मामा झोपेतच गेले होते. चेहरा स्वस्थ होता, हात उशाखाली. उजाडेपर्यंत सगळी चाळ दाराशी जमली. नारायण तर लहान मुलासारखा रडत होता. तिरडी बांधून झाली. सूतक लागलेलं, चुली बंद, आणि खेळाचं नाव काढायचं कुणाच्या मनातही नव्हतं. चार जण उचलायला वाकले, तेव्हा मामी दारात आडवी आली.

"आज आयतार," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "आदी डाव मांडा. मगे त्येंका उचला."

कुणीतरी म्हातारा म्हणाला, "रखमाये, मढं घरात असताना खेळ? कोण काय म्हणेल?"

"शेट काय म्हणतलो त्येचो विचार करा. उद्या थयसर सुरुंग लागले तर ह्येंका बरा वाटतला? जावा."

आम्ही गेलो. सुतळी मी आणि नारायणने ताणली. गडी दोन बाजूंना उभे राहिले, पण कुणाचे पाय उचलेनात. पंच मला केलं होतं आणि मला रेघाच धड दिसत नव्हत्या. पहिले काही क्षण सगळे मान खाली घालून नुसते चालले, जणू सक्तीचं काम. मग नारायणला ओलांडून जाताना तो आडदांड जॉबर बाद झाला, किंवा झाला नाही. मी बाद दिला. जॉबर उसळला. "हात लागलाच नाही!" नारायण ओरडला, "लागला!" दोन्ही बाजूंचे गडी धावून आले, जो तो दुसऱ्यावर चढून बोलू लागला, माझ्या नावाने शिव्या झाल्या, कुणीतरी कुणाला ढकललं, कुणीतरी हसलं, आणि मग डाव सुरू झाला तो खराखुरा, धुरळा उडवत, आरडाओरडा करत. किती वेळ खेळलो कुणास ठाऊक. काय करायला आलो होतो ते आम्ही विसरूनच गेलो होतो.

भानावर आलो ते मामी माळाच्या कडेला येऊन उभी राहिली तेव्हा. आमचा गलका घरापर्यंत ऐकू गेला होता. आम्ही सगळे ओशाळून जागच्या जागी थिजलो, पायांना गेरू, अंगाला माती. मामीच्या गालांवरून आता पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"झाला," ती म्हणाली. "आता न्हेवा त्येंका."